दारात आलेली सॉ मिल: ओहायोतल्या एका कामाचं प्रकरण

या प्रकरणातली माणसं खरी आहेत, नावं बदललेली आहेत. जागेचे मालक मूळचे देवरुखकडचे एक निवृत्त जोडपं. त्यांना जोशीकाका आणि काकू म्हणू. फिरती सॉ मिल चालवणारा तिथलाच एक अमेरिकन, त्याला डेल म्हणू. डेलची बुकिंग आणि बिलं मी बघतो आणि जोशी आमच्या ओळखीचे, त्यामुळे दोन्ही बाजूंचं म्हणणं माझ्या कानावर येत होतं. आकडे बिलातले आहेत.

पार्श्वभूमी

१३ जून २०२२ च्या रात्री इंडियाना आणि ओहायोवरून डेरेचो गेलं. हे चक्रीवादळ नव्हे. गडगडाटी ढगांची एक लांबलचक रांग सरळ पुढे धावत जाते आणि शेकडो मैलांच्या पट्ट्यात सोसाट्याचा वारा सुटतो. ओहायोच्या वेन आणि होम्स काउंट्यांत, मोहिकनच्या जंगलाच्या बाजूला, उभी झाडं मुळासकट आडवी झाली. जोशींची ११ एकर जागा याच पट्ट्यात येते.

त्यांच्याकडे पडलेल्या मालात दोन प्रकार होते आणि पुढचं सगळं या फरकावर फिरलं. मागच्या उतारावर, जंगलाच्या कडेला, दोन ओक, एक काळा अक्रोड आणि काही ॲश पडले होते. ॲश वादळाआधीच मेलेले होते. एमराल्ड ॲश बोरर हा आशियातून आलेला हिरवा भुंगा २००२ मध्ये डेट्रॉइटजवळ पहिल्यांदा सापडला, पुढच्या वर्षी ओहायोत आला, आणि तेव्हापासून तिथले ॲश उभेच वाळतायत. त्याच्या अळ्या सालीखालचा थर खातात, आतलं लाकूड सहसा शाबूत राहतं. या सगळ्या झाडांचे मिळून ११ ओंडके निघाले.

दुसरा प्रकार म्हणजे घराशेजारचा अक्रोड. बुंधा २८ इंच व्यासाचा, सरळ, गाठी कमी. दोन ओंडके. बघताक्षणी कोणाच्याही तोंडाला पाणी सुटावं असा. पण जोशींच्या आधी त्या घरात दोन कुटुंबं राहून गेली होती आणि त्याआधी ती जागा गुरं राखणाऱ्या एका शेतकऱ्याची होती. अंगणातल्या झाडाला माणसं काय काय ठोकतात हे वेगळं सांगायला नको.

डेलची मिल म्हणजे ट्रेलरवर बसवलेली आडवी बँड सॉ. पिकअपच्या मागे जोडून आणायची, पाय टेकवून पातळीत घ्यायची. हायड्रॉलिक हात ओंडका उचलून पलंगावर, म्हणजे यंत्राच्या लांब चौकटीवर, घेतात, ओंडका जागेवर राहतो आणि करवतीचं डोकं त्यावरून सरकतं. ३६ इंच व्यास आणि २१ फूट लांबीपर्यंतचा ओंडका चालतो. ब्लेड म्हणजे सव्वा इंच रुंदीचा पातळ पोलादी पट्टा. कापात जेमतेम दोन-अडीच मिलिमीटर लाकडाचा भुसा होतो. जुन्या गोल करवतीच्या मिलमध्ये हेच सहा मिलिमीटरच्या आसपास जातं. एका ओंडक्यातून दहा काप घेतले तर चार सेंटिमीटरचा फरक पडतो, म्हणजे अख्खी एक फळी.

अडचण

काकांना अंगण आणि उतार मोकळा करून हवा होता. काकूंना लाकूड हवं होतं. झाडं कापणाऱ्या कंपनीने सगळ्याचं जळण करून द्यायची तयारी दाखवली तेव्हा काकू म्हणाल्या, "अक्रोडाचं जळण? आमच्याकडे फणसाची मोठी फांदी पडली तरी बाबा आधी सुताराला बोलवायचे." तिथे जळणाचा विषय मिटला.

वेळही जात होता. ओंडके जून महिन्यापासून उघड्यावर पडून होते. ओकच्या बाहेरच्या पांढऱ्या लाकडात बारीक भोकं पडायला लागली होती, टोकांना भेगा गेल्या होत्या. अक्रोडाचा गाभा टिकाऊ, तो दम धरतो. ॲशला तेवढा दम नसतो. आणखी एक उन्हाळा काढला असता तर त्यातला बराचसा माल खरोखरच जळणाच्या लायकीचा उरला असता.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय ओंडके विकण्याचा. एका व्यापाऱ्याने फोनवर जंगलातल्या अक्रोडाबद्दल चौकशी केली, पण एका ओंडक्यासाठी ट्रक पाठवणं त्याला परवडत नव्हतं. घराशेजारचा अक्रोड म्हटल्यावर त्याने पुढचं ऐकूनच घेतलं नाही. अंगणातलं झाड बहुतेक मोठ्या मिल घेत नाहीत. एक खिळा त्यांचं महागडं पातं आणि अख्ख्या पाळीचा वेळ खाऊन जातो.

दुसरा पर्याय खरा मोहाचा होता. होम्स काउंटीत आमिश लोकांची (मोटारी टाळणारा, स्वतःचे फोटो काढू न देणारा ख्रिस्ती पंथ) मोठी वस्ती आहे आणि त्यांच्या स्थिर सॉ मिल जागोजागी आहेत. जवळच्या एकाने बोर्ड फुटाला ३५ सेंट सांगितले, डेलचा भाव ५५. (एक फूट लांब, एक फूट रुंद, एक इंच जाड म्हणजे एक बोर्ड फूट. आपल्याकडच्या घनफुटात असे १२ बसतात.) काकांनी लगेच फरक काढला: वीस सेंट गुणिले हजारभर फूट, म्हणजे दोनशे डॉलर वाचले. पण ओंडके तिथवर न्यायला उचलयंत्राचा ट्रक लागणार होता, त्याची एक खेप २५० डॉलर, आणि खेपा दोन. फळ्या परत आणायच्या त्या वेगळ्याच. शिवाय घराशेजारचा अक्रोड त्या मिलनेही नाकारला. फिरत्या मिलचा कापणावळीचा भाव नुसता बघितला तर तो नेहमी जास्तच वाटतो. वाहतूक त्यात धरली की चित्र पालटतं, आणि माल जितका थोडा आणि विखुरलेला तितकं जास्त पालटतं.

तिसरा पर्याय काकांचा स्वतःचा: चेनसॉला जोडायची चौकट विकत घेऊन घरीच फळ्या काढायच्या. २८ इंची अक्रोडात गुडघ्यावर बसून एकेक काप घ्यायचा, काकांचं वय सदुसष्ट. काकूंनी हा पर्याय चर्चेला येऊ दिला नाही.

उरली डेलची मिल. तिचा एक फायदा भावात धरला जात नाही: साल आणि चिरफळ्या जागच्या जागी राहतात. कीड एका गावातून दुसऱ्या गावात जाते ती मुख्यतः सालीसकट हलवलेल्या लाकडातून.

इथे काकांनी जो प्रश्न विचारला तो इतर मराठी लोकांनीही मला विचारला आहे: असं यंत्र कोकणात नेऊन वाडीवाडीत फिरवलं तर? यंत्र नेता येईल, धंदा करता येणार नाही. जंगलतोडीवरच्या गोदावर्मन खटल्यात १२ डिसेंबर १९९६ ला सर्वोच्च न्यायालयाने जंगलांत केंद्राच्या मंजुरीविना चालणाऱ्या सॉ मिल देशभर थांबवायला लावल्या, पुढच्या मार्चमध्ये महाराष्ट्रातल्या विनापरवाना मिलही, आणि तेव्हापासून सॉ मिलचा परवाना ही सहजी मिळणारी गोष्ट राहिलेली नाही. परवाना जागेला बांधलेला असतो. चाकावरची मिल त्या चौकटीत बसवायची कशी, हाच मुळात प्रश्न. त्याआधी झाड तोडण्याची परवानगी आलीच: साग, आंबा, फणस, ऐन, किंजळ, जांभूळ ही सगळी १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत आहेत. काका म्हणाले, "म्हणजे देवरुखात वखारवाल्याकडेच जायचं." हो.

निर्णय पहिला: भाव फुटावर की तासावर

माझ्या मते या कामातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच होता आणि तो करवत सुरू होण्याच्या दहा दिवस आधी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर झाला.

फिरत्या मिलचे दोन भाव असतात. फुटावर कापलं तर जितकं लाकूड निघेल तितके पैसे. तासावर कापलं तर यंत्र चालू आहे तितके पैसे. वरवर हा हिशेबाचा प्रकार वाटतो, पण खरा प्रश्न असतो की काम रखडलं तर ते कोणाच्या अंगावर. फुटावर असेल तर मिलवाल्याच्या, तासावर असेल तर मालकाच्या. ब्लेडची धार, यंत्राची देखभाल, ओंडका कोणत्या बाजूने उघडायचा हे मिलवाल्याच्या हातात असतं. ओंडके कुठे ठेवलेत, चिखलात लोळवलेत का, फळ्या उचलायला माणसं किती, झाडात काय ठोकलेलं आहे, हे मालकाच्या हातात असतं, किंवा निदान त्याच्या जागेत असतं. ज्याच्या हातात जे, त्याचा धोका त्याने घ्यावा.

डेलने नेमकं तेच सुचवलं. जंगलातले ११ ओंडके फुटावर, ५५ सेंटने. घराशेजारचा अक्रोड तासावर, ९० डॉलरने. धातू लागून ब्लेड गेलं तर दर ब्लेडला ३० डॉलर मालकाचे. येण्याचे आणि मिल मांडण्याचे १०० डॉलर वेगळे.

काकांना तासाचा भाव मान्य नव्हता. त्यांचा अनुभव असा की तासावर आलेला माणूस चहा पिऊन पिऊन तास भरतो. "सगळ्याला एकच भाव लाव, मला उगाच डोक्याला ताप नको." डेलने थोडी खळखळ करून मान्य केलं. सगळं फुटावर, धातूच्या ब्लेडचं कलम कायम. करार कागदाच्या एका पानावर झाला. कलमातला शब्द होता 'धातू'.

डेलने का मान्य केलं असेल? ऑक्टोबरची तारीख मोकळी होती, काम नाकारलं तर आठवडा रिकामा जाणार होता, आणि मेटल डिटेक्टरवर त्याचा भरवसा होता. मला विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं. तासाच्या भावाला वरची मर्यादा घालता आली असती, म्हणजे 'तासावर, पण चार तासांच्या पुढे विचारल्याशिवाय नाही'. काकांची भीती तेवढ्याने गेली असती.

निर्णय दुसरा: ओंडके कुठे आणि कसे

उतारावरचे ओंडके खालच्या सपाट शेतात आणायचे होते. शेजारच्या आमिश शेतकऱ्याकडे दोन दणदणीत बेल्जियन घोडे होते. ट्रॅक्टर त्या ओल्या उतारावर घसरला असता आणि चर पाडून गेला असता. घोडे झाडांमधून वाट काढत एकेक ओंडका साखळीने ओढत खाली घेऊन आले. काका त्या दिवशी फोनमध्ये घोड्यांच्या पायांचे आणि साखळीचे फोटो काढत होते. माणसाचा काढायचा नाही हे त्यांना माहीत होतं.

घोड्यांनी ओढलेल्या ओंडक्यांचा तोटा एकच, सालीत माती आणि खडे रुतून बसतात. ब्लेडची धार लाकडाने जितकी जात नाही तितकी मातीने जाते. डेलच्या मिलवर ब्लेडच्या पुढे साल खरवडणारं छोटं चाक आहे, तरी त्याने आदल्या दिवशी काकांना पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने ओंडके धुवायला लावले. ओंडके सगळे एकाच दिशेला बुंधे करून, खाली आडव्या बल्ल्या टाकून, मिलच्या एका बाजूला समांतर रचले होते. दुसरी बाजू फळ्यांसाठी मोकळी. या मांडणीसाठी डेलने फोनवरच चित्र काढून पाठवलं होतं. पहिला दिवस सुरळीत गेला त्याचं श्रेय मी या चित्राला देईन.

निर्णय तिसरा: क्रम

हा निर्णय भुशावरून झाला. घोडेवाल्या शेजाऱ्याने मजुरी थोडी कमी घेतली होती, बदल्यात त्याला तबेल्यात पसरायला भुसा हवा होता. काकांनी आनंदाने हो म्हटलं. डेलने ऐकलं आणि थांबवलं. काळ्या अक्रोडाचा भुसा घोड्यांच्या पायाखाली चालत नाही. थोडासा मिसळला तरी खुरांच्या आतल्या थराला सूज येते, घोडा लंगडा होतो, कायमचाही. शेजाऱ्याला हे माहीत होतं, पण जोशींच्या ढिगात अक्रोडही आहे हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

डेलचा मूळ बेत जवळचा ओंडका आधी असा होता आणि जंगलातला अक्रोड मधोमध पडला होता. तो बदलला: आधी ओक आणि ॲश, भुसा पोत्यांत भरून रवाना, खालची जागा झाडून साफ, मग दोन्ही अक्रोड. ओंडके पुन्हा हलवण्यात तास-दीड तास गेला. भाव फुटावर असल्यामुळे तो डेलच्या खिशातून गेला आणि तो काही बोलला नाही. अक्रोडाचा भुसा काकूंनी टोमॅटोच्या वाफ्यांत टाकायचं ठरवलं होतं. टोमॅटोलाही त्याचं वावडं असतं, म्हणून शेवटी तो रस्त्याकडेच्या वाटेवर पडला.

काम

पहिल्या दिवसाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. काकांनी तीन माणसं कबूल केली होती, आली दोन, दोघंही आयटीतली. फळी कमरेतून वाकून नाही, गुडघ्यांतून उचलायची हे कळेपर्यंत दुपार झाली. डेलने फळ्या एक इंच आणि वर एक अष्टमांश अशा काढल्या. ओक वाळताना आडव्या दिशेत आठ टक्क्यांपर्यंत आकसतो, शिवाय रंधा मारायला जागा लागते. नेमक्या एक इंचाच्या फळ्या मागणारं गिऱ्हाईक वर्षभराने पाऊण इंचावर येतं आणि मिलवाल्याला फोन करतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी घराशेजारचा अक्रोड पलंगावर चढला. डेलने डिटेक्टर फिरवला, तीन ठिकाणी आवाज आला, छिन्नीने खणून दोन खिळे आणि कपडे वाळत घालायच्या दोरीचा एक आकडा काढला. पहिल्या बाजूचे दोन काप छान गेले. गाभा चॉकलेटी, त्यात जांभळट छटा. काकू हात फिरवून बघत होत्या. तिसऱ्या कापाला ठिणगी उडाली. आणखी एक खिळा, डिटेक्टरच्या पल्ल्यापलीकडे खोल. ब्लेड बदललं. चौथ्या कापाला कुंपणाच्या तारेचा यू-खिळा. ब्लेड बदललं. ओंडका फिरवला, दुसरी बाजू उघडली, आणि अर्ध्या वाटेवर फरशी फुटल्यासारखा करकरीत आवाज आला. डेलने करवतीचं डोकं मागे घेतलं. ब्लेडचे दात एका फेऱ्यात सपाट झाले होते आणि फळीचा पृष्ठभाग वर-खाली लहरत गेला होता. कापात पांढरे तुकडे दिसत होते.

विजेच्या कुंपणाला वापरतात तो चिनी मातीचा इन्सुलेटर. कधीकाळी गुरांसाठी तार ओढताना कोणी तो झाडाला ठोकला, तार गेली, झाड वाढत राहिलं आणि त्याला पोटात घेऊन बसलं. डिटेक्टर चिनी मातीला ओळखत नाही.

तोपर्यंत या एका ओंडक्यावर दीड तास गेला होता आणि हाती आल्या होत्या चार फळ्या.

निर्णय चौथा: पुढे कापायचं का

यंत्र बंद करून चौघं उभे राहिले. आधी पैशांचा वाद झाला. धातूची दोन ब्लेडं काकांची, त्यावर दुमत नव्हतं. तिसऱ्याचं काय? काका म्हणाले, "करारात धातू लिहिलंय. ही तर कपबशी आहे." ते बरोबर होतं. डेलचं म्हणणं, कलमाचा हेतू झाडात ठोकलेल्या वस्तूंचा होता. तेही बरोबर होतं. काकू म्हणाल्या, "झाड आपलं तर त्यातली कपबशीही आपलीच ना?" शेवटी ते ब्लेड अर्धं-अर्धं ठरलं.

मग खरा प्रश्न. हा ओंडका सोडून द्यायचा? वरचा, ८ फुटी ओंडका तसा सुरक्षित होता, कारण माणसाचा हात आणि हातोडा जिथवर पोचतो त्याच्या वर सहसा काही ठोकलेलं नसतं. खालचा ९ फुटी होता आणि सगळी भानगड जमिनीपासून साडेतीन-चार फुटांच्या आत दिसत होती. तिथून खालचा भाग कापून टाकायचा ही डेलची सूचना. काका तयार नव्हते, कारण बुंध्याकडचा भाग सगळ्यात रुंद. काकूंनी विचारलं, वरचा भाग स्वच्छ आहे हे कळणार कसं?

याला चांगलं उत्तर होतं. लोखंड आणि अक्रोड किंवा ओकमधलं टॅनिन हे तुरट द्रव्य एकत्र आलं की निळा-काळा डाग पडतो आणि तो लाकडाच्या रेषांबरोबर वर-खाली लांबवर पसरतो. डेलने चेनसॉने साडेतीन फुटांवर आडवा काप घेतला, तोंड ओल्या फडक्याने पुसलं. निळी-काळी रेष कुठेच नव्हती. चिनी मातीची खात्री यातून होत नाही, पण इन्सुलेटर खिळ्यानेच ठोकतात, आणि खिळ्याने डाग सोडला असता.

तेव्हा डेलने दुसरी अट घातली: यापुढे अक्रोड तासावर. काकांनी क्षणभर विचार केला आणि हो म्हटलं. तिथेच उभ्या उभ्या दोघांनी एकमेकांना टेक्स्ट मेसेज पाठवून ते लिखित केलं. आधीचा दीड तास डेलने लावला नाही. पुढच्या तीन तासांत दोन्ही ओंडके संपले, एकही ब्लेड गेलं नाही.

हिशेब

जंगलातल्या ओंडक्यांचे १,३१० बोर्ड फूट, ५५ सेंटने ७२० डॉलर ५० सेंट. अक्रोडाचे तीन तास, २७०. ब्लेडं ६० अधिक १५. मांडणी १००. एकूण १,१६५ डॉलर ५० सेंट. घराशेजारच्या अक्रोडाचे ३३० फूट धरून एकंदर १,६४० बोर्ड फूट लाकूड, म्हणजे सुमारे १३७ घनफूट. फुटाला सरासरी ७१ सेंट.

बिल बघून काका चपापले ते अक्रोडामुळे नाही, १,३१० या आकड्यामुळे. डेलचा जंगलातल्या ओंडक्यांचा अंदाज होता १,०२०. "तीनशे फूट लाकूड रात्रीत वाढलं?"

अंदाज डॉयल नावाच्या मोजणीने काढला होता, ओहायोत ओंडक्यांचे व्यवहार बहुतेक त्याच मोजणीने होतात. सूत्र सोपं: बारीक टोकाच्या व्यासातून चार इंच वजा करा, चाराने भागा, वर्ग करा, फुटांतल्या लांबीने गुणा. २४ इंची, ८ फुटी ओंडक्याला ते २०० सांगतं आणि तितकंच साधारण निघतं. पण १२ इंची ओंडक्याला ३२ सांगतं, तिथे पातळ ब्लेडच्या मिलमधून ४५ च्या आसपास निघतं. जोशींचे ॲश बहुतेक १२ ते १४ इंची होते. लाकूड जास्त निघालं, ते काकांकडेच राहिलं, पैसेही त्याच्याच प्रमाणात झाले. पण हे बिलानंतर समजावणं आणि अंदाज देताना समजावणं यांत फरक आहे. काकांनी दुसऱ्या दिवशी टेप आणि खडू घेऊन एकेक फळी मोजली. त्यांचं उत्तर आलं १,३०२. मग त्यांनी चेक लिहिला.

निकाल

फळ्या शेडच्या उत्तरेला, काँक्रीटच्या ठोकळ्यांवर, दर सोळा इंचांवर पाऊण इंची पट्ट्या घालून रचल्या. वर पत्रा, बाजू उघड्या. एक इंची फळीला उघड्यावर साधारण वर्ष लागतं. २०२३ च्या शरदात ओलावा १३-१४ टक्क्यांवर आला, तिथल्या हवेत उघड्यावर तो याच्या फारसा खाली जात नाही. घरातल्या टेबलासाठी अक्रोड एका ओळखीच्या सुताराच्या भट्टीत ७-८ टक्क्यांपर्यंत वाळवला. त्याचं जेवणाचं टेबल झालं. ओकच्या जाड तुळया काकांना घराच्या मागच्या व्हरांड्याच्या छताला वापरायच्या होत्या, पण घराच्या ढाच्यातल्या लाकडावर ग्रेडचा, म्हणजे प्रत तपासल्याचा, शिक्का लागतो आणि अंगणात कापलेल्या तुळईवर तो नसतो. त्या अवजारांच्या शेडमध्ये गेल्या.

ॲशच्या वरच्या दोन थरांवर मात्र आडवे करडे पट्टे उमटले. दुसऱ्या संध्याकाळी कोरड्या पट्ट्या संपल्या म्हणून मदतनीसांनी ताज्या कापलेल्या ॲशच्याच ओल्या पट्ट्या मध्ये घातल्या. डाग रंध्याने जात नाहीत इतके खोल आहेत.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात स्वस्त सुधारणा जूनमध्येच होती. ओंडका पडल्या आठवड्यात टोकांना मेणाचा लेप लावला असता तर प्रत्येक टोकाचे भेगांमुळे फेकलेले पाच-सहा इंच वाचले असते. एक डबा पुरला असता. पण तेव्हा काका विमा कंपनीशी फोनवर होते आणि लाकडाचं काय करायचं हेच ठरलं नव्हतं. वादळानंतरच्या आठवड्यात कोणाला हे सुचेल असं मला वाटत नाही, त्यामुळे पडलेल्या झाडासाठी फोन आला की डेल आता भावाच्या आधी लेपाचं बोलतो.

अंगणातल्या अक्रोडाचे खालचे साडेतीन फूट आधीच, डिटेक्टरच्या भरवशावर न राहता, कापून टाकायला हवे होते का? मला अजून खात्री नाही. ते केलं असतं तर तीन ब्लेडं आणि दीड तास वाचला असता. पण स्वच्छ निघाला असता तर सगळ्यात रुंद भाग वाया गेला असता आणि काका आयुष्यभर ऐकवत राहिले असते. तासाचा भाव आधीपासून असता तर हा निर्णय काकांनी स्वतः, स्वतःच्या पैशांकडे बघून घेतला असता, आणि तो त्यांचाच असायला हवा होता.

डेलच्या कराराचं कलम बदललं आहे. आता त्यात 'झाडात बाहेरून गेलेली कोणतीही वस्तू: धातू, दगड, काच, चिनी माती, काँक्रीट' असं आहे. काँक्रीट मी घालायला लावलं, कारण पूर्वी पोकळ झाडांत ते भरायची पद्धत होती. अंदाजपत्रकात डॉयलच्या शेजारी प्रत्यक्षात निघू शकणाऱ्या फुटांचा दुसरा रकाना आला आहे. अंगणातल्या झाडाला तासाचा भाव हे मात्र अजून पक्कं झालेलं नाही. आजूबाजूचे दोन मिलवाले सरसकट फुटावर भाव सांगतात आणि फोनवर गिऱ्हाईक पहिला प्रश्न तोच विचारतं, त्यामुळे डेल अजूनही कधी कधी मान डोलावतो.